वाटा : पाण्याचा, घामाचा, मानाचा आणि भाषेचा

कॅथलिक सामाजिक शिकवणीत खासगी मालकीचा हक्क मान्य आहे, पण तो पहिला हक्क नाही. पृथ्वीवर जे काही आहे ते मुळात सर्व माणसांच्या निर्वाहासाठी आहे; सातबारा त्यानंतरचा. चौथ्या शतकात सेझरियाचे बिशप बेसिल आणि मिलानचे बिशप अँब्रोज यांनी आपल्या प्रवचनांतून हे सांगितले. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी त्याला तर्काची जोड दिली. जीव वाचवण्यासाठी भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या कोठारातले धान्य घेतले तर ती चोरी ठरत नाही, इथपर्यंत त्यांनी हा विचार नेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी मंजूर केलेल्या ‘आजच्या जगातील चर्च’विषयीच्या दस्तऐवजात हेच तत्त्व पुन्हा नोंदवले गेले.

मराठीत या विचाराला जवळचा शब्द ‘वाटा’ हा आहे. गावगाड्यात सुगीच्या वेळी खळ्यावर बलुतेदारांचा वाटा ठरलेला असे. सुताराला, लोहाराला, कुंभाराला तो मिळे, तसा महार आणि मांग यांनाही मिळे. मात्र सगळ्यांचा वाटा एकाच रीतीने दिला जात नसे. काहींना तो हातावर मिळे आणि काहींच्या पदरात वरून टाकला जाई. म्हणजे वाटा आणि मान या दोन गोष्टी गावाने वेगळ्या ठेवल्या होत्या. कॅथलिक विचार त्या वेगळ्या करू देत नाही. वाटा हा दानाचा नसून हक्काचा असेल, तर तो घेणाऱ्याला खाली वाकावे लागू नये, असे या विचाराचे म्हणणे आहे. जालना जिल्ह्यात हे म्हणणे चार ठिकाणी तपासता येते : पाणी, श्रम, जात आणि भाषा. त्याआधी हा विचार या भागात कोणत्या वाटेने आला, ते पाहणे आवश्यक आहे.

छावणी, बेथेल आणि धर्मप्रांत

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड आणि परभणी जिल्ह्यातील परतूर असे तालुके एकत्र करून तो बनवण्यात आला. आज त्यात आठ तालुके आहेत आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९,५९,०४६ आहे. ख्रिस्ती समाज त्यात थोडाच आहे, आणि त्यातही कॅथलिक व प्रोटेस्टंट असे भाग आहेत. या समाजाचा इतिहास मात्र जिल्ह्याच्या वयापेक्षा कितीतरी जुना आहे.

भोकरदनजवळ असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली यांच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. पुढे निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिन्जंटची छावणी जालन्यात पडली. छावणीबरोबर युरोपीय अधिकारी आले, दक्षिणेकडील ख्रिस्ती नोकरचाकर आले आणि त्यांच्या उपासनेसाठी पाद्रीही आले. छावणीतला हा धर्म गावात उतरला नव्हता. गावातल्या कोणाला तो आपला वाटावा असे त्यात काही नव्हते.

तो गावात नेला नारायण शेषाद्री यांनी. मराठी ब्राह्मण घरातील शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धाकट्या भावाचे, श्रीपतचे, प्रकरण तेव्हा मुंबईत फार गाजले. न्यायालयाने मुलाला आईवडिलांच्या ताब्यात दिले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. नारायण शेषाद्री पुढे धर्मोपदेशक झाले आणि १८६०च्या दशकात त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. त्यांच्याकडे आलेले लोक मुख्यतः मांग आणि महार होते. या लोकांसाठी त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. त्यासाठी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना मधोमध चर्च असलेले स्वतःचे गाव मिळाले. शेषाद्री प्रोटेस्टंट होते आणि ही कथा कॅथलिकांची नाही. पण जालन्यात ख्रिस्ती विचाराची पहिली कसोटी जमिनीच्या वाट्यावर लागली, हे बेथेलवरून दिसते.

कॅथलिक प्रवाह दुसऱ्या वाटेने आला. फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले. त्यांचे कार्यक्षेत्र नागपूरमार्गे मराठवाड्यापर्यंत पसरले. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच संघाच्या धर्मगुरूंनी औरंगाबादजवळच्या घोगरगाव परिसरात महार समाजात काम सुरू केले. मराठवाड्यातील कॅथलिक समाजाचे मूळ तिथे आहे. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत झाला आणि १७ डिसेंबर १९७७ रोजी त्यातून औरंगाबाद धर्मप्रांत निघाला. जालन्यातील कॅथलिक लोक याच धर्मप्रांतात मोडतात.

त्या काळातील धर्मांतरांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : दुष्काळात अन्नासाठी लोक ख्रिस्ती झाले. आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनच्या दाराशी भुकेले लोक आले आणि त्यांतील काहींनी बाप्तिस्माही घेतला. कॅथलिक चर्चने पुढे या बाबतीत आपली भूमिका निःसंदिग्ध केली. धर्मस्वातंत्र्यावरील १९६५च्या घोषणेनुसार श्रद्धेचा स्वीकार पूर्णपणे ऐच्छिक असला पाहिजे, त्यात बळजोरी नसावी आणि गरजू माणसाला आमिषही दाखवले जाऊ नये. पण आक्षेपाची दुसरी बाजूही पाहावी लागते. भुकेल्या माणसाचा धान्यावरचा वाटा मुळातच मान्य असता, तर तो मागण्यासाठी त्याला कोणत्याही धर्माच्या दाराशी जावे लागले नसते.

पाणी

जालना जिल्ह्यात सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण सरासरीवर शेती पिकत नाही. पूर्णा आणि दुधना या नद्या जिल्ह्यातून वाहतात, दक्षिणेच्या सीमेवर गोदावरी आहे आणि जालना शहर कुंडलिकेच्या काठी आहे. शहराच्या पाण्यासाठी निजामाच्या काळात घाणेवाडीला तलाव बांधला गेला. तिथून उताराने, पंप न लावता, पाणी शहरात येत असे. पुढे तलावात गाळ साचत गेला आणि शहर वाढत गेले. १९७२चा दुष्काळ अन्नाचा होता, तर २०१२-१३चा पिण्याच्या पाण्याचा. त्या वर्षी जालन्यात बाजारात धान्य होते, पण नळाला पाणी नव्हते आणि टँकरचे भाव रोज चढत होते.

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २४ मे २०१५ या तारखेचे आहे. सुरक्षित पिण्याचे पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, कारण त्यावर जगणे अवलंबून आहे आणि जगण्यावर बाकीचे सर्व हक्क अवलंबून आहेत, असा युक्तिवाद त्यात आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच पाणी, ही व्यवस्था गरिबाचा जगण्याचा हक्कच नाकारते, असे परिपत्रक म्हणते. मराठवाड्यातल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. जायकवाडी धरणाचा वाद गोदावरीच्या खोऱ्यात नेमका याच मुद्द्यावर वर्षानुवर्षे चालू आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व मान्य केले. त्यानुसार तुटीच्या वर्षी नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडावे लागते. वरच्या भागातील शेतकऱ्यांना हा अन्याय वाटतो आणि खालच्यांना तो उशिरा मिळालेला न्याय वाटतो. कॅथलिक तत्त्व यात कोणत्याही जिल्ह्याची बाजू घेत नाही. त्याचा आग्रह क्रमाचा आहे : आधी माणसांचे पिणे, मग गुराढोरांचे, मग अन्नाचे पीक आणि त्यानंतर ऊस, कारखाना व नफा.

पाण्याच्या वाट्याचा दुसरा धडा जालना तालुक्यातील कडवंची गावात मिळतो. या गावाच्या कथेचा एक धागा नगर जिल्ह्यातील एका कॅथलिक धर्मगुरूपर्यंत जातो. हर्मन बाखर हे स्विस जेझुइट १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी आयुष्यातील बहुतेक काळ नगर जिल्ह्यात काम केले. दुष्काळात मदत वाटणे आणि पुढच्या दुष्काळात पुन्हा मदत वाटणे या चक्रातून बाहेर पडायचे, तर पडणारा पाऊस गावातच मुरवला पाहिजे, या निष्कर्षाला ते आले. त्यांच्या प्रयत्नांतून जर्मनीची आर्थिक मदत आणि नाबार्डची यंत्रणा यांना जोडणारा इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. बाखर यांचे २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले.

या कार्यक्रमाला गावाची तयारी ही पहिली अट होती. गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी, श्रमदान करावे, सगळ्या वस्त्यांतील लोकांची पाणलोट समिती नेमावी आणि मग पैसा यावा. काम माथ्यापासून पायथ्याकडे चाले. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग शेताला बांधबंदिस्ती आणि शेवटी ओढ्यावर बंधारा. १९३१च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात पोप अकरावे पायस यांनी मांडले होते, की जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. मोठ्या सत्तेने मदत करावी, पण त्याची जागा घेऊ नये. गावसमितीच्या हाती आराखडा आणि हिशेब देणारा पाणलोट कार्यक्रम हे या तत्त्वाचे चांगले उदाहरण आहे, मग समितीतल्या एकाही माणसाने ते परिपत्रक वाचलेले नसले तरी हरकत नाही.

कडवंचीत हे काम १९९६पासून खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या मार्गदर्शनाखाली झाले. विजयअण्णा बोराडे यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. कोरडवाहू बाजरी-कपाशीच्या गावात पुढे द्राक्षबागा उभ्या राहिल्या, शेततळ्यांची रांग लागली, आणि राज्यभरातून शेतकरी ते पाहायला येऊ लागले.

मात्र वाट्याचा प्रश्न इथे संपत नाही, उलट तो नव्या रूपात समोर येतो. पाणी मुरते ते गावाच्या श्रमाने आणि सगळ्यांच्या जमिनीखाली. ते वर काढणारी विहीर मात्र एकाची असते. मराठवाड्यात अनेक ठिकाणी प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी पावसाच्या पाण्याऐवजी विहिरीच्या उपशाने भरली जातात. भूगर्भातले सामायिक पाणी अशा रीतीने खासगी होते आणि उन्हात त्याचा काही भाग उडूनही जातो. चराईबंदीचा भार ज्याच्याकडे दोन शेळ्या आहेत पण जमीन नाही त्याच्यावर सर्वात आधी पडतो. बंधाऱ्याचे पाणी मात्र त्याच्या वाट्याला येत नाही, कारण ते लावायला त्याच्याकडे रान नाही. पाणलोटाचे यश भूमिहीनाच्या घरात मोजले तर आकडा वेगळा निघतो. सर्वांसाठी असलेल्या संपत्तीचे तत्त्व जिथे खरोखर बोचते ती जागा ही आहे.

बियाणे आणि घाम

जालना हे बियाण्यांचे शहर आहे. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही कंपनी स्थापन केली. संकरित ज्वारी, बाजरी आणि कपाशीचे बियाणे त्यांनी शेतकऱ्यांच्या रानातच तयार करून घेतले. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कपाशीला मार्च २००२मध्ये देशात परवानगी मिळाली, तिच्यामागेही हीच कंपनी आणि तिची अमेरिकन भागीदार होती. पहिली काही वर्षे फवारणी कमी झाली आणि उत्पादन वाढले. पुढे गुलाबी बोंडअळी या कपाशीला जुमानेनाशी झाली आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठे नुकसान केले.

जनुकबदल केलेल्या पिकांवर कॅथलिक चर्चमध्ये एकमत नाही. व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीने २००९ साली घेतलेल्या अभ्याससत्रात बहुतेक शास्त्रज्ञांचा सूर या पिकांच्या बाजूचा होता. गरीब देशांतील अनेक बिशप मात्र साशंक राहिले. ‘लाउदातो सी’ने या पिकांचे सरसकट समर्थनही केले नाही आणि त्यांना सरसकट नाकारलेही नाही. त्यांपासून माणसाला अपाय होतो असा निर्णायक पुरावा नाही, हे ते मान्य करते. मग ते प्रश्नाची दिशा बदलते. हे बियाणे आल्यानंतर जमीन थोड्या हातांत एकवटते का, लहान शेतकरी मजूर होतो का आणि बियाण्यावर मोजक्या कंपन्यांची पकड बसते का, हे ते विचारते. पूर्वी जालन्यातला शेतकरी पुढच्या पेरणीचे दाणे घरीच राखून ठेवी. संकरित बियाण्यात तसे करता येत नाही, कारण दुसऱ्या पिढीत ते तसे उतरत नाही. म्हणून उत्पादन वाढूनही दरवर्षीची पहिली उधारी बियाण्याच्या दुकानात होते. तंत्रज्ञान चांगले की वाईट, यापेक्षा त्यात शेतकऱ्याचा वाटा किती, हे पाहण्याची ही दृष्टी आहे.

श्रमाच्या बाबतीत हीच दृष्टी अधिक जुनी आहे. पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक १५ मे १८९१चे आहे. युरोपातील कारखान्यांत मजुरांची जी दैना झाली होती तिच्यावर ते लिहिले गेले. त्यात लिओ यांनी समाजवाद नाकारला आणि मालकांचा मोठा आधारही काढून घेतला. मजूर एखाद्या मजुरीला ‘हो’ म्हणाला एवढ्यावर ती मजुरी न्याय्य ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. भुकेपोटी दिलेला होकार खरा होकार नसतो, आणि मजुरी इतकी तरी असावी की काटकसरीने राहणाऱ्या माणसाचा संसार तिच्यावर चालावा.

जालन्याला या वाक्याचे दोन अर्थ लागतात. पहिला पोलाद कारखान्यांत. भंगार वितळवून सळई बनवणाऱ्या भट्ट्यांनी शहराला ‘स्टील सिटी’ हे नाव मिळवून दिले. या भट्ट्यांपाशी काम करणाऱ्यांत बिहार, उत्तर प्रदेश आणि झारखंडमधून आलेले मजूर पुष्कळ आहेत. ठेकेदारामार्फत लागलेला मजूर कारखान्याच्या नोंदीत सहज दिसत नाही आणि अपघात झाल्यावर तो आणखीनच दिसेनासा होतो. दुसरा अर्थ ऊसतोडीत. मंठा, परतूर, अंबड आणि घनसावंगी या भागांतून दिवाळीनंतर जोडपी साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाने दिलेली उचल आधीच खर्च झालेली असते आणि हंगामभर कोयता चालतो तो ती फेडण्यासाठी. करार आहे, अंगठा आहे, होकारही आहे. पण लिओ यांनी ज्या होकाराला होकार मानले नाही, तो हाच.

८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतले ते याच परंपरेची आठवण ठेवून. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमाच्या प्रतिष्ठेपुढे उभा राहणारा प्रश्न हा आजच्या काळातील तसाच प्रश्न आहे, असे चौदावे लिओ यांनी आरंभीच सांगितले. भारतात २१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांचे मोजमाप कॅथलिक विचार एकाच मापाने करील : ठेक्यावरचा शेवटचा माणूस त्यांत दिसतो की नाही.

मान

२०२३च्या सप्टेंबरपासून जालना जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले ते अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीमुळे. मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणाच्या ठिकाणी १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला आणि मराठा आरक्षणाचे आंदोलन राज्यभर पेटले. जून २०२४मध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्री येथे ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी लक्ष्मण हाके यांनी उपोषण केले. दोन्ही मांडव थोड्याच अंतरावर होते. २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटच्या अंमलबजावणीचा निर्णय काढला, आणि निजामकाळातील नोंदींत ‘कुणबी’ शब्द सापडतो का, याचा शोध घरोघरी सुरू झाला. शेतीतले उत्पन्न आटले, जमिनीचे तुकडे झाले, नोकऱ्या मोजक्या राहिल्या. मग वाटा मागण्याचा मार्ग जातीच्या दाखल्यातून जाऊ लागला.

याच जिल्ह्यात आणखी एका समाजाचा दाखला पाऊणशे वर्षे अडला आहे. १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले आणि १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. एकाच जातीतले दोन भाऊ, एक बौद्ध झालेला आणि एक ख्रिस्ती झालेला, यांच्या मुलांना सरकारदरबारी वेगळी वागणूक मिळते. १९८५ साली सुसई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की धर्मांतरानंतरही जातीय हालअपेष्टा तितक्याच तीव्रतेने टिकून राहतात हे पुराव्याने दाखवले पाहिजे. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर नवा आयोग नेमला.

कॅथलिक बिशपांनी दलित ख्रिस्तींसाठी ही मागणी सातत्याने केली आहे. पण ती करताना त्यांना एका अडचणीच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. ख्रिस्ती धर्मात जात नाही, असे शिकवायचे आणि जातीच्या आधारे सवलत मागायची, यात विसंगती नाही का? उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. शिकवणीत जात नाही, समाजात आहे. सवलत शिकवणीसाठी मागितलेली नसून समाजातील अन्यायावर उपाय म्हणून मागितलेली आहे. गावात कोणाला कुठल्या पाणवठ्यावर जाऊ द्यायचे हे ठरवणाऱ्याने कोणाचा बाप्तिस्म्याचा दाखला कधी पाहिला नाही.

दुसरी पायरी अधिक कठीण आहे, कारण जात चर्चच्या आतही आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले. त्यात चर्चमध्येही अस्पृश्यता पाळली जाते हे मान्य केले आणि ते पाप असल्याचे नोंदवले. देशातील कॅथलिकांत दलितांचे प्रमाण मोठे आहे, पण बिशपांमध्ये ते फार थोडे. आंध्रातील अँथनी पूला हे २७ ऑगस्ट २०२२ रोजी पहिले दलित कार्डिनल झाले. युरोपीय धर्मगुरू भारतात येऊन पाच शतके उलटल्यावर हे घडले. धर्मपंडित अरविंद निर्मल यांच्यासारख्यांनी १९८०च्या दशकात दलित ख्रिस्ती ईश्वरविचार मांडला, तो याच अनुभवातून. वाटा मिळाला तरी मान मिळतोच असे नाही, हा खळ्यावरचा जुना अनुभव अशा रीतीने चर्चच्या दारातही आला.

भाषा

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली घनसावंगी तालुक्यातील जांब येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना, १६१६ साली, गोव्यातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. पैठणला एकनाथ तेव्हा हयात होते. बायबलची कथा मराठीत सांगण्यासाठी स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. नवख्रिस्तींनी पूर्वीच्या पुराणांची उणीव बोलून दाखवली, म्हणून त्यांना त्यांच्याच छंदात पुराण देण्याचा हा प्रयत्न होता. ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, पण त्याचा कान ओवीचा आहे.

या सुरुवातीला पुढे खीळ बसली. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले, आणि फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा त्याला पाठिंबा होता. म्हणजे मराठीला पुराण देणारे आणि लोकांची बोली मिटवू पाहणारे, दोघेही एकाच चर्चचे होते. कॅथलिक चर्च आणि मराठी यांच्या नात्यात हे दोन्ही सूर आलटून पालटून ऐकू येतात. हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले आणि नगरकडच्या खेड्यांतील कॅथलिक घरांत मराठी वाचन नेले. पण त्या घरांतले लोक रविवारी चर्चमध्ये लॅटिन ऐकत.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला मुभा दिली आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली. १९६९ साली भारतीय उपासनेसाठी बारा बदलांना रोमने मंजुरी दिली. त्यांत मांडी घालून बसणे, हात जोडून नमस्कार आणि आरती यांचा समावेश होता. हे भारतीयीकरण अनेकांनी मनापासून स्वीकारले. काही दलित ख्रिस्तींनी मात्र एक बोचरा प्रश्न विचारला : ही आरती, हे संस्कृत मंत्र, ही भगवी वस्त्रे कोणाच्या भारतातली आहेत? ज्या देवळात त्यांच्या आजोबांना पाऊल टाकता आले नव्हते, तिथल्या खुणा संस्कृती म्हणून त्यांच्याच चर्चमध्ये परत आल्या होत्या. हलगी, डफ, जात्यावरची ओवी, भारूड आणि पोवाडा ही मराठवाड्यातल्या या समाजाची स्वतःची संस्कृती होती. ती वेदीपर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागला. भाषेच्या वाट्यातही कोणाची भाषा, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाला लोकांनी आपल्यापुरते उत्तर देऊन टाकले आहे. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. नगर, नाशिक आणि मराठवाड्यातले भाविक तिथे येतात. ज्ञानोबांना दिलेले ‘माउली’ हे नाव मराठी कॅथलिकांनी मारियेला दिले, त्यासाठी कोणत्याही परिषदेची परवानगी लागली नाही.

साहित्याच्या अंगणात हा वाटा उघडपणे मिळाला तो जानेवारी २०२०मध्ये. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे त्यांनी अनेक वर्षे संपादन केले, हरित वसईच्या चळवळीत ते आघाडीवर होते, आणि त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा विरोधही तेव्हा झाला. तरी संमेलन झाले, आणि ते झाले मराठवाड्यात. दिब्रिटो यांचे २५ जुलै २०२४ रोजी निधन झाले.

बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी रोजच्या प्रार्थनेतील अन्नासाठी ‘भाकर’ हा शब्द योजला. चर्चच्या नियमानुसार मिस्सेतली रोटी गव्हाचीच असावी लागते, ती ज्वारीची किंवा बाजरीची चालत नाही. तरी जालन्याच्या चर्चमध्ये प्रार्थनेत मागितली जाते ती भाकर, कारण घरात तेच अन्न आहे. त्या प्रार्थनेत ती मागणाऱ्याचे सर्वनामही ठरलेले आहे : ‘मी’ नव्हे, ‘आम्ही’.